धारक भिंत, काँक्रीट ठोकळ्यांची

भिन्न पातळ्यांवरील दोन जमिनींपैकी वरच्या जमिनीची माती ढासळू नये म्हणून बांधलेली व मातीचा आडवा दाब सोसणारी भिंत. व्यवहारात तिला संरक्षक भिंत किंवा रिटेनिंग वॉल असेही म्हणतात. उतारावरील घराचे अंगण, बाग वा वाट सपाट करताना तिची गरज भासते. कोकणात या कामी जांभ्याचे बांधकाम व नुसत्या दगडांचे रचलेले गडगे पूर्वापार प्रचारात आहेत. अलीकडे त्यांची जागा पुष्कळ ठिकाणी काँक्रीटच्या ठोकळ्यांनी घेतली आहे. घराच्या भिंतीवर मुख्यतः उभा भार येतो, तर धारक भिंतीवर आडवा. त्यामुळे घरासाठी योग्य असलेला ठोकळा येथे योग्य ठरतोच असे नाही.

माती व पाणी यांचा दाब : मातीच्या दाबाची उपपत्ती शार्ल द कूलंब (१७७६) व विल्यम रँकिन (१८५७) यांनी मांडली. दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो. म्हणून भिंतीची उंची दुप्पट केल्यास तिच्यावरील एकूण रेटा चौपट, तर ती उलथून पडण्याची प्रवृत्ती आठपट होते. २ मी. उंचीच्या भिंतीवर कोरड्या मुरमाचा रेटा दर मीटर लांबीस सु. १·२ टन असतो. मागे वरपर्यंत पाणी तुंबल्यास तो सु. २·६ टन होतो व त्यांपैकी सु. २ टन केवळ पाण्याचा असतो. यामुळे उन्हाळ्यात भक्कम वाटणारी भिंत अतिवृष्टीत कोसळू शकते. पुण्यातील कोंढवा येथे २९ जून २०१९ रोजी पहाटे गृहसंकुलाची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जण मृत्युमुखी पडले. २ जुलै रोजी मुंबईत मालाड येथे भिंत कोसळून याहूनही अधिक मनुष्यहानी झाली.

ठोकळ्यांचे प्रकार : (१) भरीव ठोकळे : यांच्या भिंतीचे स्थैर्य तिच्या वजनावर अवलंबून असते. त्यासाठी तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून अधिक ठेवतात. एकेरी थराची भिंत पुरत नाही. (२) पोकळ ठोकळे : हे नुसते रचल्यास निरुपयोगी ठरतात. पायातून वर आणलेले पोलादी गज पोकळ्यांत घेऊन त्या काँक्रीटने भरतात. ताण मातीच्या बाजूस येत असल्याने गज त्याच बाजूस ठेवतात. (३) एकमेकांत अडकणारे ठोकळे : हे सिमेंटविना रचतात व प्रत्येक थर किंचित मागे सरकवितात. गडग्याप्रमाणेच यांच्या सांध्यांतून पाणी झिरपून जाते. अधिक उंचीसाठी भरावात कृत्रिम धाग्यांच्या जाळीचे थर अंथरून ते ठोकळ्यांत अडकवितात. (४) वायुमिश्रित हलके ठोकळे : वजन कमी व पाणी शोषण्याची क्षमता अधिक असल्याने हे या कामी वर्ज्य आहेत.

निवड व बांधणी : भारतीय मानक २१८५ (भाग १) नुसार भरीव ठोकळ्याची घनता दर घ. मी.ला किमान १,८०० किग्रॅ. असावी व त्याने वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. पुरेसे पाणी मारून पक्का केलेला, कडा न ढासळलेला ठोकळा घ्यावा. भिंतीचा पाया भरावावर न ठेवता मूळच्या कठीण जमिनीत घेतात. काळी माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर आकसते; म्हणून भिंतीमागे ती न भरता मुरूम वा खडी भरतात. भिंतीलगत सु. ३० सेंमी. जाडीचा खडीचा थर, तळाशी छिद्रे असलेला नळ आणि सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीत १ ते १·५ मी. अंतरावर पाझर छिद्रे ठेवतात. ही छिद्रे दर पावसाळ्यापूर्वी मोकळी करावी लागतात. उंची १ मी.हून अधिक असल्यास, किंवा भिंतीच्या माथ्यालगत घर वा वाहनतळ असल्यास, अभिकल्प स्थापत्य अभियंत्याकडून करून घेणे आवश्यक ठरते.