बेस फुकट मिळत नाही, भाऊ!

नंदुरबार जिल्ह्यात मुकी वरात शोधून सापडायची नाही. नवापूरकडे टिमली नाचाची धून लागली की म्हातारेकोतारेही रांगेत येतात, शहाद्यात डीजेशिवाय नवरदेवाची घोडी पुढे सरकत नाही आणि सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत पाळणेवाल्यापासून खेळणीवाल्यापर्यंत ज्याचा त्याचा भोंगा वेगळा. मागणी मात्र सगळ्यांची एकच: बेस पाहिजे! हा बेस वाढवणारं सर्किट, म्हणजे ॲक्टिव्ह बेस इक्वलायझर, दिसतं एवढंसं. त्याच्या करामती मात्र भरपूर आहेत.

आठ पायांचा कारागीर

“भाऊ, आवाज शे, पन बेस नही.” रिपेअरिंगच्या दुकानात हे वाक्य आलं की ड्रॉवरमधून एक छोटा बोर्ड बाहेर येतो. त्यावर आठ पायांचा ४५५८ आयसी, दोन पॉट (फिरवायची बटणं), चार-सहा कंडेन्सर आणि मूठभर रेझिस्टन्स. बारा-शून्य-बारा ट्रान्सफॉर्मरवरून सप्लाय दिला की झालं. या एका आयसीच्या पोटात दोन ॲम्प्लिफायर असतात, आणि ‘ॲक्टिव्ह’पणा तो इथेच. नुसत्या रेझिस्टन्स-कंडेन्सरचं सर्किट आवाजातून काहीतरी कापूच शकतं; वरून भर घालायची तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला आयसी किंवा ट्रान्झिस्टर लागतो.

टेस्टिंगला महावितरणची साथ

बोर्ड जोडल्यावर कारागीर गाणं लावत बसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला बोट लावून टोक इनपुटला टेकवतो. स्पीकर ‘घुंऽऽ’ करतो आणि गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडतो. ही घुंघुं येते घरातल्या वायरिंगमधून. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि आपलं शरीर तिच्यासाठी अँटेनाचं काम करतं. ५० हर्ट्झ म्हणजे अस्सल बेसचा सूर. म्हणूनच बेस बूस्ट चढवला की अर्थिंग नीट नसलेल्या ॲम्प्लिफायरमधला ‘हम’ही तितक्याच जोरात कानी येतो.

एका इंग्रजाची दोन बटणं

बेस आणि ट्रेबलची दोन बटणं कोणाच्या डोक्यातून आली? सर्किटं पूर्वीही होती, पण १९५२ मध्ये पीटर बॅक्सान्डॉल या इंग्रज इंजिनिअरने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात जी रचना छापली, तिने जग जिंकलं. बटण मधोमध ठेवलं तर आवाजाला धक्का नाही. उजवीकडे वाढ, डावीकडे घट. सत्तर वर्षं उलटून गेली, तरी ड्रॉवरमधल्या त्या बोर्डावर बहुधा त्याच रचनेचं नातवंड असतं.

खोकं ठरवतं मर्यादा

वूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, कितीही भारी आणा, खोकं आपली मर्जी चालवतंच. बंद खोक्याचा आवाज त्याच्या ठरावीक सुराखाली प्रत्येक सप्तकाला १२ डेसिबलने घसरतो. पोर्टवाल्या, म्हणजे भोक असलेल्या खोक्याचा २४ डेसिबलने. बंद खोक्याची घसरण सरळ आणि हिशेबी असते. ती नेमकी मोजून नेमकी उलटी करणाऱ्या सर्किटला ‘लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म’ म्हणतात. झिगफ्रीड लिंकविट्झ हे मूळचे जर्मन. पोटापाण्यासाठी ह्युलेट-पॅकार्डमध्ये मोजमापाची यंत्रं बनवत आणि हौस म्हणून स्पीकर. नाव झालं ते हौसेमुळे!

१० वॉटचे १६० कसे होतात?

समजा, तुमचं बंद खोकं ७० हर्ट्झला थकतं आणि तुम्हाला ३५ पर्यंत सरळ बेस हवाय. सर्किटला तळाशी १२ डेसिबलची भर घालावी लागते. ऐकायला चिल्लर वाटते, पण ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते. १२ डेसिबलला जवळजवळ सोळा पट. जिथे १० वॉटमध्ये भागत होतं, तिथे १६० वॉट हजर पाहिजेत. बेस बूस्ट ही उधारी आहे: बोर्ड फक्त वहीत लिहितो, फेडतो ॲम्प्लिफायर. ॲम्प्लिफायरच्या खिशात तेवढे नसतील, तर आवाज फाटतो.

कागदाची धावपळ

दुसरी वसुली वूफरच्या कागदाकडून, म्हणजे त्याच्या हलणाऱ्या पडद्याकडून, होते. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला, तर कागदाला चौपट हलावं लागतं. १०० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा कागद ५० ला चार आणि २५ ला सोळा मिलिमीटर धावणार. साध्या वूफरला एवढी उडी झेपत नाही. कॉइल चुंबकाच्या पकडीबाहेर जाते, किंवा मागे आपटते. तो ‘टक्’ आवाज ऐकला, की समजा खर्च आला.

रेडिओ दुरुस्त करणारा पोरगा

अमर बोस यांचे वडील नोनी गोपाल बोस हे बंगालचे क्रांतिकारक; इंग्रजांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेत गेलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शाळकरी अमर रेडिओ दुरुस्तीचं काम करू लागला; पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला. त्याच्या बोस कंपनीने १९६८ मध्ये ‘९०१’ स्पीकर आणला. एका खोक्यात नऊ छोटे स्पीकर. एक समोर तोंड करून, आठ भिंतीकडे! मोठा वूफर नावालाही नाही. सोबत एक इक्वलायझरचा डबा यायचा. तो जोडला नाही तर बेसही गायब आणि ट्रेबलही. म्हणजे इक्वलायझर हा वरचा शृंगार नव्हता, स्पीकरचाच अर्धा भाग होता.

रेकॉर्डवर बेस आधीच कापलेला

आजोबांच्या लाँग प्ले रेकॉर्डवर बेस मुद्दाम कमी करून कोरलेला असतो. पूर्ण ताकदीने कोरला, तर खाचा इतक्या रुंद नागमोडी होतील की एका बाजूला मोजकीच गाणी मावतील. म्हणून कोरताना बेस घटवायचा आणि वाजवताना तेवढाच वाढवायचा, असा ‘रिआ’ नावाचा नियम १९५४ पासून रूढ झाला. २० हर्ट्झला ही वाढ तब्बल १९ डेसिबल. फोनो ॲम्प्लिफायर आपल्या नकळत हे काम करत असतो.

कान बेसला कंजूष

१००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या सुराला ७८ डेसिबलच्या आसपास जावं लागतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये कानाचा हा स्वभाव आलेखावर मांडला. जुन्या टेपरेकॉर्डरवरचं ‘लाउडनेस’ बटण त्याचाच उतारा होतं. रात्री आवाज बारीक केला की बेस आधी पळतो. बटण त्याला परत आणायचं.

मीटरला ठेंगा

कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण हे डेसिबल ‘ए’ मापाचे, म्हणजे कानाच्या कंजूषपणाचा हिशेब धरून काढलेले. या मापात ५० हर्ट्झच्या आवाजातून तब्बल ३० डेसिबल वजा होतात. निव्वळ ५० हर्ट्झचा ८५ डेसिबल आवाज मीटरवर जेमतेम ५५ दिसतो! खिडक्यांच्या काचा थरथरतात, पत्रे वाजतात आणि आकडा साळसूद राहतो. (डीजेवाल्यांनी हसू नये, चढे सूर वाजवणाऱ्या टॉपच्या कर्ण्यांना ही सवलत नाही.)

कणकेचा इक्वलायझर

बेस खाली नेण्याची युक्ती सर्किटच्या कितीतरी आधीची आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भजनी मंडळी ओली कणीक थापतात. चामड्याचं वजन वाढतं, ते सावकाश हलतं आणि सूर खोल जातो. वजन चढवलेल्या चामड्याच्या या जादूवर सी. व्ही. रामन यांनीही संशोधन केलं. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावच्या राजवाडी होळीला तर वायरीची गरजच नाही. प्रचंड ढोल हा बेस, कमरेला घुंगरं आणि वाळके भोपळे बांधून नाचणारे बुध्या हे ट्रेबल. चामडं जेवढं रुंद, तेवढा सूर खाली.

मांडवात बेस पळतो, कोपऱ्यात साचतो

घरात दणदणणारा सेट खळ्यात नेला की पिचका का वाटतो? ५० हर्ट्झची एक लाट सुमारे सात मीटर लांब. घरात भिंती तिला परत पाठवतात. उघड्यावर ती गेली ती गेलीच. म्हणून डीजेवाले बेसची खोकी जमिनीवर एकमेकांना चिकटवून लावतात. शेजारी दुसरं तसंच खोकं तेवढ्याच पॉवरवर लावलं, तर बेस ३ नव्हे, ६ डेसिबलने वाढतो. घरात हाच फायदा खोलीचा कोपरा देतो, तोही एक रुपया न घेता.

मे महिन्यातला दगा

बेसची जवळजवळ सगळी पॉवर अखेर वूफरची कॉइल तापवते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल २०० अंशांवर गेली, की रोध दीडपटीच्याही पुढे. तोच ॲम्प्लिफायर, तेच बटण, पण पॉवर कमी जाते. मग बूस्ट आणखी वाढवला जातो, कॉइल आणखी तापते आणि मेमधल्या ऐन हळदीत जळका वास सुटतो.

मग बटण किती फिरवायचं?

स्पीकरची जाळी काढा, बेसचं गाणं लावा आणि बटण हळूहळू चढवा. कागद जास्त हलतोय आणि बेसही वाढतोय, तोवर चालू द्या. कागद नुसताच पुढे-मागे झुलायला लागला आणि कानाला काही वेगळं कळेना, की तिथून बटण थोडं मागे घ्या. पोर्टवाल्या खोक्याला जास्त जपा: पोर्टच्या सुराखाली कागदाला हवेचा आधार उरत नाही, म्हणून चांगल्या बोर्डावर अगदी तळाचे सूर कापणारा सबसॉनिक फिल्टर असतो. नवा बोर्ड घेताना ‘किती वाढवतो’ एवढंच विचारू नका. ‘कुठे थांबतो’ हेही विचारा. वूफरची रिकोनिंग, म्हणजे नवा कागद-कॉइल बसवण्याचा खर्च, वाचेल.