सात शिपाई

मल्लेश्वरममध्ये आयुष्य काढलेल्या माणसालाही आपल्या परसामागची अरुंद गल्ली तेथे का ठेवली गेली, हे बहुधा ठाऊक नसते. १८९८ साली प्लेगने बंगळूर हादरले, तेव्हा जुन्या पेठांतील कोंदट वस्ती विरळ व्हावी आणि रहिवाशांना मोकळी हवा लाभावी, या हेतूने म्हैसूर सरकारने हे उपनगर वसविले, आणि घरांच्या पाठीमागून सफाईवाल्याला ये-जा करता यावी म्हणून ही वाट आखली. काडु मल्लेश्वराच्या देवळाशी असलेला, शिवरायांचे सावत्र बंधू एकोजीराजे यांचा १६६९ चा शिलालेख पाहून मराठी माणसाचा ऊर भरून येतो, माझाही येतो; पण त्या गल्लीतून जाताना मन भरते ते निराळ्याच भावनेने, कारण साथीत गेलेल्यांची एवढी बोलकी खूण मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

प्लेगनंतर वीसच वर्षांनी इन्फ्लुएंझा आला, ज्याला आपल्या मुलखात मानमोडी म्हणत. या रोगापुढे रुंद रस्ते आणि स्वच्छ परसे यांचा इलाज चालण्याजोगा नव्हता, कारण तो माणसाच्या श्वासाबरोबरच प्रवास करीत होता. हिंदुस्थानातील त्याच्या पहिल्या नोंदींपैकी एक मुंबईच्या पोलिस इस्पितळातील आहे. १० जून १९१८ रोजी सात शिपाई हिवतापाशी न जुळणाऱ्या तापाने फणफणून तेथे दाखल झाले; त्यांपैकी एक गोदीवर तैनात होता. मे महिन्याच्या अखेरीस सैनिकांना घेऊन एक जहाज बंदरात लागले होते. रोग जहाजावरून उतरला, असे नगरपालिकेचे आरोग्याधिकारी टर्नर यांचे मत, तर जहाजावरील लोकांनाच तो मुंबईत जडला, असा सरकारचा आग्रह. या वादात शिपाई साक्षीपुरते आले. त्यांचा आकडा आपल्यापर्यंत पोचला, नावे पोचली नाहीत.

मुंबईच्या शिपाईगिरीत त्या काळी कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील, तरुणांचा भरणा मोठा होता. दिवसभर गोदीच्या दरवाजावर हमाल, खलाशी आणि सैनिक यांच्या रेट्यात उभे राहावयाचे, आणि पहारा बदलला की दाटीवाटीच्या खोलीत सोबत्याच्या पथारीला पथारी लावून पडावयाचे, हा गोदीवर नेमलेल्यांचा दिनक्रम. गर्दी टाळा, उघड्यावर निजा, असा सल्ला वैद्य देत होते. पण बंदोबस्ताच्या हुकमात गर्दी टाळण्याची मुभा कोठून असणार?

सप्टेंबरात परतलेली दुसरी लाट भयंकर ठरली. फुप्फुसांत पाणी भरून चेहरा निळा पडे, आणि सकाळी हजेरीला उभा असलेला धडधाकट गडी दोन-तीन दिवसांत आटोपे. ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबईत ७६८ माणसे दगावली. युरोपियनांत हजारी ८.३ मृत्यू झाले, तर अस्पृश्य गणलेल्या हिंदूंत ६१.६, एवढे अंतर पाहिल्यावर रोग सर्वांना सारखाच लेखतो, असे मला म्हणवत नाही. साऱ्या देशात एक कोटीहून अधिक बळी गेले. तिकडे अमेरिकेतही सिॲटलचे पोलिस तोंडाला मुसके बांधून पहारा देत होते, आणि फिलाडेल्फियात घरोघरची प्रेते बाहेर काढण्याचे काम पोलिसांवर आले होते.

दंग्यात घाव लागून पडलेला शिपाई हुतात्मा ठरतो आणि पहाऱ्यावर जडलेल्या तापाने गेलेला मात्र नुसता मयत म्हणून पटावरून कमी होतो, हा भेद मला मान्य नाही. दोघांनाही मृत्यूने गाठले ते नेमून दिलेल्या जागी. कोरोनाच्या काळात महाराष्ट्र सरकारने कामावर असता रोगाने गेलेल्या पोलिसांच्या कुटुंबांना पन्नास लाख रुपये जाहीर केले, हे योग्यच झाले. एप्रिल २०२० मध्ये तीन सहकारी गमावल्यावर मुंबई पोलिस दलाने पंचावन्नपेक्षा अधिक वयाच्यांना घरी थांबावयास सांगितले. मानमोडीने मात्र विशेषेकरून वीस ते चाळीस वयाची माणसे नेली. १९१८ साली तसा हुकूम काढावयाचा म्हटले असते, तर तो ऐन पंचविशीतल्या शिपायांसाठी काढावा लागला असता, आणि मग गोदीच्या दरवाजावर उभे राहावयास कोणी उरले नसते.