गोखले पूल आणि नेव्हिगेशनचे नकाशे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेव्हिगेशन यंत्राला रस्ता उपग्रह सांगतो, हा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा कळवतात. किमान चार उपग्रहांच्या संदेशांवरून यंत्र आपले अक्षांश-रेखांश काढते. मुंबईतल्या अंधेरीचा एस. व्ही. रोड किंवा मुलुंडचा एलबीएस मार्ग येतो तो यंत्रातल्या किंवा सर्व्हरवरच्या नकाशातून. इस्रोच्या ‘नाविक’ प्रणालीचेही तसेच. म्हणून जास्त उपग्रह पकडणाऱ्या यंत्राचा नकाशा सरस असेलच असे नाही.

वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी उड्डाणपुलावर असताना बाण खालच्या सर्व्हिस रोडवर सरकला, की दोष नकाशाला दिला जातो. मोबाइलने काढलेली जागा मोकळ्या आकाशाखालीही साधारण पाच मीटरने चुकू शकते. उंच इमारतींवर आपटून येणारे संदेश ही चूक वाढवतात. पूल आणि सर्व्हिस रोड इतके लगत असले की यंत्र अंदाजाने बाण एका रेषेवर बसवते. पुलावर चढण्याचा फाटाच भलत्या जागी दाखवला असेल, तर मात्र चूक नकाशाची.

जास्त गल्ल्या दाखवणारा नकाशा चांगला, असेही मानले जाते. भौगोलिक माहितीच्या दर्जाविषयीच्या आयएसओ १९१५७ या मानकात पूर्णता हा अनेकांतला एक निकष आहे. जागेची अचूकता, जोडण्यांची सुसंगती, नोंदींचा खरेपणा आणि माहिती कधीची आहे, हेही तितकेच मोलाचे. घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवरची पायवाट गाडीरस्ता म्हणून नोंदली गेली, तर ती नकाशात नसलेलीच बरी.

जोडणीचे महत्त्व अंधेरीच्या गोखले पुलाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. जुलै २०१८ मध्ये या पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पूल वाहतुकीला बंद झाला आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली. पण नवा पूल उंच झाल्याने लगतचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळेना. वरून पाहता दोन्ही एकमेकांना टेकलेले, प्रत्यक्षात मधल्या उंचीच्या फरकामुळे गाडी जाणे अशक्य. बर्फीवाला पूल जॅक लावून एका बाजूला १,३९७ आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलण्यात आला, तेव्हा कुठे जुलै २०२४ मध्ये ही वाट खुली झाली. गोखले पुलाची दुसरी बाजू मे २०२५ मध्ये सुरू झाली.

नेव्हिगेशनच्या नकाशात रस्ते रेषा आणि बिंदूंच्या रूपात साठवलेले असतात. दोन रेषांना सामाईक बिंदू असेल तरच यंत्र एकीवरून दुसरीवर वळवते. फेब्रुवारी ते जुलै २०२४ या काळात तो बिंदू नसणे हेच खरे होते. केवळ उपग्रह-छायाचित्र पाहून रेघ जोडणारा नकाशा तिथे फसला असता. शिवाय अडीच वर्षांत एकाच पुलाची स्थिती पुन्हा पुन्हा पालटली. जुना नकाशा भरलेल्या ऑफलाइन यंत्राला यातले काहीच कळत नाही.

लाइव्ह ट्रॅफिक दिसतो म्हणजे नकाशा ताजा, हेही गृहीत धरू नये. लाल-हिरवे रंग प्रामुख्याने रस्त्यावरच्या मोबाइलच्या वेगावरून ठरतात आणि नकाशात असलेल्या रेषांवरच चढतात. पावसात अंधेरी सबवे बंद होतो, तेव्हा नकाशा बरोबरच असतो. कमी पडते ती बंदची तातडीची सूचना.

यंत्राचा ब्रँड आणि नकाशाचा निर्माताही अनेकदा वेगळे असतात. गाड्यांमधले नकाशे हिअर, टॉमटॉम किंवा मॅपमायइंडियासारख्या कंपन्यांचे असू शकतात. ओपनस्ट्रीटमॅप स्वयंसेवक घडवतात. त्यामुळे तुलना नावांवरून न करता ठिकाणांवरून करावी: नुकताच बदललेला चौक, एकेरी गल्ली, सोसायटीचे नेमके गेट. पत्त्यासाठी महात्मा गांधी रोड घ्यावा. या नावाचे रस्ते घाटकोपर, मुलुंड, गोरेगाव आणि कांदिवली या चारही ठिकाणी आहेत. कोणता नकाशा उपनगरासह नेमका रस्ता शोधतो, ते लगेच दिसते.