जोडीदाराच्या शोधात : टिपेश्वर ते ज्ञानगंगा

बुलडाण्याहून बोथामार्गे खामगावकडे जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा हा भाग उंचीने फारसा मोठा नाही. परंतु पाण्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. या डोंगरांच्या उत्तर उतारावर पडलेले पाणी ज्ञानगंगा नदीतून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळून अरबी समुद्रास जाते. याच रांगेत उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेकडे वळते आणि वर्धा व गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला पोहोचते. साग, सालई, पळस अशा कोरड्या पानझडी वनाने झाकलेला हा २०५ चौरस किलोमीटरांचा प्रदेश १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. अस्वल आणि बिबट्या यांचे वसतिस्थान म्हणून तो ओळखला जात असे. वाघाचे नाव येथे कोणी घेत नसे.

डिसेंबर २०१९ मध्ये ते नाव घेण्याची वेळ आली. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण नर वाघ पायी चालत या डोंगरात येऊन दाखल झाला. नकाशावर सरळ रेषा आखली तर टिपेश्वर ते ज्ञानगंगा हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. वाघाने तोपर्यंत सुमारे दीडशे दिवसांत तेराशे किलोमीटर वाटचाल केली होती. मार्च २०२० पर्यंत हा आकडा तीन हजारांवर गेला. देशात नोंद झालेल्या वाघाच्या प्रवासांत हा सर्वांत दीर्घ प्रवासांपैकी एक मानला गेला आणि वन खात्याच्या मंडळींनी त्याला ‘वॉकर’ हे नाव दिले. कागदोपत्री त्याची नोंद टी-१ सी-१ अशी आहे. टी-१ ही त्याची आई आणि तो तिचा पहिला बछडा, एवढाच त्याचा अर्थ.

हे सारे कळले कसे, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचा वन विभाग यांच्या अभ्यासप्रकल्पात फेब्रुवारी २०१९ मध्ये या वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे संदेश पाठविणारा पट्टा, बसविण्यात आला होता. हा पट्टा दर तासाला वाघाचे स्थान उपग्रहाद्वारे कळवीत असे. अशा पाच हजारांहून अधिक स्थानांची नोंद झाली. एका स्थानापासून पुढच्या स्थानापर्यंत रेषा जोडून अंतराची बेरीज केली जाते. दोन नोंदींच्या मधल्या तासात वाघाने घेतलेली वळणे या बेरजेत येत नाहीत, तेव्हा प्रत्यक्ष पायपीट आकड्याहून अधिकच असणार. असे असले तरी पहिल्या दीडशे दिवसांची दैनंदिन सरासरी नऊ किलोमीटरांहून कमीच भरते. शेगावहून पंढरपूरला जाणारे आपले वारकरी दिवसाला याच्या दुपटीहून अधिक चालतात. वाघाच्या बाबतीत थक्क करणारी गोष्ट वेगाची नाही. अनोळखी आणि माणसांनी भरलेल्या मुलखातून महिनोन्‌महिने तो बहुतांशी कोणाच्या नजरेस न पडता चालत राहिला, हे खरे नवल होय.

चालण्याचे कारण

वाघाचा बछडा साधारणतः दोन वर्षांचा होईपर्यंत आईसोबत असतो. त्यानंतर त्याला स्वतःचा मुलूख शोधावा लागतो. येथे नर आणि मादी यांच्या वाटा वेगळ्या होतात. मादी बहुधा आईच्या मुलखाला लागूनच आपला मुलूख थाटते. कित्येकदा आईच आपल्या मुलखाचा एखादा कोपरा लेकीला सोडून देते. नराला मात्र बलिष्ठ नर टिकू देत नाहीत आणि त्याला दूर जावे लागते. निसर्गाची ही व्यवस्था एका अर्थाने आपल्या गोत्रविचारासारखीच आहे. भावंडांची जोडी जुळू नये, दूरचे रक्त मिसळावे, हा तिचा परिणाम. टिपेश्वरचे क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. तेथे वाघांची संख्या वाढली की तरुण नरांनी बाहेर पडणे क्रमप्राप्तच ठरते.

जून २०१९ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, हा वाघ बाहेर पडला. तेव्हा त्याचे वय अडीच वर्षांच्या आसपास होते. तो भक्ष्य शोधत होता, मुलूख शोधत होता की जोडीदारीण, हे निश्चित सांगता येणार नाही, बहुधा तिन्ही. पैनगंगेच्या खोऱ्यातील जंगले, तेलंगणातील आदिलाबादचा प्रदेश, नांदेड, हिंगोली, वाशीम आणि बुलडाणा असा त्याचा मार्ग झाला. पण हा मार्ग एका दिशेने सरळ गेलेला नाही. काही दिवस पुढे जावे, मग मागे यावे, एखाद्या नाल्याच्या आसपास घुटमळावे आणि पुन्हा नवी दिशा धरावी, असे त्याचे चालणे होते. ज्या पैनगंगेच्या खोऱ्यातून तो निघाला, तिचा उगम ज्या डोंगरांत आहे तेथेच तो अखेरीस येऊन स्थिरावला. त्याने नदी धरून उगम गाठला असे म्हणण्याचा मोह होतो; परंतु त्याच्या पावलांची नोंद इतकी सोपी गोष्ट सांगत नाही.

दिवसा तो झुडपांत किंवा उभ्या पिकांत दडून राही आणि रात्री चाले. आश्विन-कार्तिकात वऱ्हाड-मराठवाड्याच्या शिवारात पऱ्हाटी आणि तूर इतकी वाढलेली असते की धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसालाही चार हातांवरचे जनावर दिसू नये. नदीनाल्यांचे काठ, पांदणी, प्रसंगी महामार्गाच्या कडा यांच्या आधाराने तो पुढे सरकला. रानडुकरे आणि काही ठिकाणी गुरे मारून त्याने पोट भरले. माणसाला इजा होण्याचा प्रसंग या सबंध प्रवासात एकदाच घडला. तो विसावला होता त्या झुडपांत काही माणसे पावलांचे ठसे जवळून पाहण्यासाठी शिरली आणि त्यांतील एक जण जखमी झाला. गर्दी हटविणे हेच वाघ आलेल्या गावातील पहिले काम असते, हे या प्रसंगातून पोलीस पाटील आणि सरपंच यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

एकट्याचे घर

ज्ञानगंगेत त्याला नीलगाय, रानडुक्कर, चितळ असे भक्ष्य मिळाले. प्रतिस्पर्धी नर नव्हता. मुलूख मिळाला, अन्न मिळाले. पण मादी नव्हती. एप्रिल २०२० मध्ये त्याच्या गळ्यातील पट्टा काढण्यात आला आणि त्याच्या पावलांची तासागणिक नोंद थांबली. तोपर्यंत अभयारण्यातील तो एकमेव वाघ होता.

एका शाळेत या वाघाची हकीकत सांगितल्यावर पाचवीतील एका मुलीने प्रस्तुत लेखकास विचारले, “मग वाघीण का नाही चालत आली?” प्रश्न अचूक होता. वर सांगितल्याप्रमाणे वाघीण सहसा माहेर सोडून फार दूर जात नाही. दोनशे किलोमीटर शेते ओलांडून तिने यावे ही अपेक्षा निसर्गनियमाला धरून नाही. ज्या वनात फक्त भटके नरच पोहोचू शकतात, तेथे वंश वाढत नाही. ती एक धर्मशाळा ठरते.

यावर उपाय म्हणून ज्ञानगंगेत बाहेरून वाघीण आणून सोडावी का, असा विचार २०२० मध्ये वन खात्यात सुरू झाला आणि वृत्तपत्रांतूनही त्याची चर्चा झाली. अशा स्थलांतराचे देशातील अनुभव संमिश्र आहेत. मध्य प्रदेशातील पन्ना येथे वाघ पूर्णतः संपल्यावर २००९ मध्ये बांधवगड व कान्हा येथून वाघिणी आणि पेंचहून एक नर आणण्यात आला. हा नर नव्या ठिकाणी रमला नाही. तो पेंचच्या दिशेने चालू लागला आणि सुमारे महिनाभर शेकडो किलोमीटर भटकला. त्याला पकडून परत आणल्यावर वाघिणीच्या मूत्राचा वास जंगलात पसरवून तिच्याकडे त्याचे लक्ष वेधण्यात आले. जोडी जुळली, एप्रिल २०१० मध्ये बछडे जन्मले आणि आज पन्ना पुन्हा वाघांचे वन आहे. उलट ओडिशातील सातकोसिया येथे २०१८ मध्ये कान्हाचा नर आणि बांधवगडची वाघीण आणली गेली. काही महिन्यांतच नर मृतावस्थेत सापडला. वाघिणीवर दोन माणसांच्या मृत्यूचा ठपका आला, गावे संतापली आणि तिला पिंजऱ्यात ठेवून २०२१ मध्ये परत पाठवावे लागले. आपल्या राज्यात मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातील दोन वाघिणी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आल्या. परंतु तो प्रकल्प ज्ञानगंगेच्या तिपटीहून मोठा आहे.

ज्ञानगंगेचे गणित करून पाहावे. चांगल्या जंगलात एका वाघिणीला वीस ते साठ चौरस किलोमीटर मुलूख पुरतो आणि एका नराच्या मुलखात दोन-तीन वाघिणी राहतात. म्हणजे या अभयारण्यात एक लहानसे कुटुंब मावेल. वाघीण साडेतीन महिन्यांत विते, दोन वर्षांत बछडे मोठे होतात. त्यांतील नर कोठे जाणार? पित्याप्रमाणे त्यांनाही शेताशिवारातून चालत जावे लागेल. म्हणून वाघीण आणण्याच्या प्रश्नाआधी वाटांचा प्रश्न येतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या वाटा अभयारण्याच्या हद्दीत नाहीत. त्या आपल्या गावांच्या हद्दीत आहेत.

उत्तरेची वाट प्रथम पाहू. ज्ञानगंगेपासून साठ-सत्तर किलोमीटरांवर, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीतील अंबाबरवा अभयारण्य मेळघाटला जोडलेले आहे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प योजना सुरू झाली तेव्हा निवडलेल्या देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. तेथे वाघिणी आहेत. परंतु मध्ये पूर्णेचे सपाट खोरे पसरलेले आहे. मलकापूर-नांदुरा-खामगाव हा महामार्ग, शेगाव-जलंबवरून जाणारा मुंबई-हावडा लोहमार्ग, नंतर स्वतः पूर्णा आणि दोन्ही बाजूंस मैलोन्‌मैल कपाशी असे एकामागून एक अडथळे आहेत. डोंगरातून उतरणारे नदीनाले काय ते आडोसा देतात.

दक्षिणेकडे परिस्थिती २०१९ नंतर बदलली आहे. वॉकर आला तेव्हा समृद्धी महामार्गाचे काम चालू होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. मेहकर, सिंदखेडराजा या तालुक्यांतून जाणारा, दोन्ही बाजूंनी बंदिस्त असा हा रस्ता हिंगोली-वाशीमकडून ज्ञानगंगेकडे येणाऱ्या प्रत्येक जनावराला ओलांडावा लागेल. वन्यप्राण्यांसाठी त्यावर ठिकठिकाणी भुयारी मार्ग व पूल बांधले आहेत, ही समाधानाची बाब होय. तथापि पुलाच्या दोन्ही टोकांना झाडोरा नसेल आणि मातीचे ढीग किंवा ढाब्याचे दिवे असतील, तर जनावर तिकडे फिरकणार नाही.

येथे ग्रामपंचायतीचा संबंध येतो. गावची ई-क्लास जमीन, नाल्याचा काठ, पांदण आणि धुऱ्यावरची हिवर-बाभूळ हीच वाघाची सडक होती. माघ-फाल्गुनात पऱ्हाटी उपटली की शिवार उघडे पडते आणि लपण्यास एवढीच जागा उरते. ई-क्लासवर अतिक्रमण होते, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. नाला खोलीकरणाची कामेही याच दृष्टीने पाहावयास हवीत. पाण्यासाठी ती आवश्यक आहेत यात शंका नाही. पण यंत्र लावले की काठावरील झाडझुडूप मुळासकट निघते आणि नाल्याचा नुसता कालवा होतो. एका काठावरचा तरी झाडोरा राखण्याची अट कामाच्या आराखड्यातच घालता येईल. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. अनेक ठिकाणी ही नोंदवही कपाटात बंद आहे. कोणत्या नाल्यातून कोणती जनावरे येतात-जातात, हे त्या गावच्या गुराख्याइतके कोणास ठाऊक नसते. शिक्षकांनी मुलांकरवी ही माहिती त्या नोंदवहीत उतरविली, तर रस्त्यांचे नियोजन करणाऱ्या अभियंत्यांनाही तिचा उपयोग होईल.

राहिला गुरांचा आणि पिकांचा प्रश्न. शेतकऱ्याची गाय मेली तर त्याला वाघाचे कौतुक सांगून भागत नाही. मृत जनावर जागेवरून न हलविता तत्काळ वनरक्षकास कळविल्यास पंचनामा होऊन शासनाकडून भरपाई मिळते. कळविण्यास उशीर झाला किंवा जनावर ओढून टाकले की पुरावा जातो आणि प्रकरण अडकते. मेलेल्या जनावरावर विष टाकणे हा गंभीर गुन्हा आहे. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह त्याहून घातक, कारण त्यात वाघ मरतो तसाच शेजारचा शेतकरीही मरतो. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो, त्याने जीव जात नाही. वनालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेखाली अशा कुंपणासाठी अनुदान उपलब्ध आहे. त्याविषयीचा ठराव ग्रामसभेने करून नजीकच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे पाठवावा.