व्यायामशाळेतील अपघात : जबाबदारी कुणाची?

वऱ्हाडाला उंचावरचे खेळ नवे नाहीत. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले. आता शहरांतून दोर बांधून कृत्रिम भिंत चढण्याचा खेळही आला आहे. मूल पडले तर दोष कुणाचा, असे पालक मला विचारतात.

मी सांगतो, खेळातला नेहमीचा धोका खेळणारा पत्करतो. गाठ तपासणे, जुने दुखणे सांगणे हे त्याचे काम. पण झिजलेला दोर, विरलेली गादी, गैरहजर प्रशिक्षक ही चालकांची हयगय. 'आम्ही जबाबदार नाही' या कागदावर सही घेतली म्हणून ती आपोआप माफ होत नाही. फी भरली असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पावती जपून ठेवा.

मात्र अकोला असो की अमरावती, पडलेल्याची मान-पाठ दुखत असेल, हातपाय बधिर झाले असतील, तर त्याला उठवून बसवू नका. मान हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. भांडण नंतरही करता येते; मज्जारज्जूला झालेली इजा बहुधा भरून येत नाही.