औषधास न जुमानणारीं तणें
वसईच्या भातशेतकऱ्यांनीं वेळींच ध्यावयाची दक्षता

वसईच्या किल्ल्यालगतच्या पाचूबंदरापासून उत्तरेस अर्नाळ्यापर्यंत समुद्राकांठीं बागायती वाड्यांची पट्टी पसरली आहे, व तिच्या पूर्वेकडील सखल भागांत भाताचीं खाचरें आहेत. पाचूबंदर हें मुख्यतः कोळी बांधवांचें गांव. परंतु त्याच्या पाठीमागच्या मुलुखांत केळी, पानवेल, भाजीपाला, फुलें व भात यांवर अनेक पिढ्या जगल्या. या सर्व शेतींत मनुष्यबळाचा मोठा वाटा तण काढण्यांत खर्च होत आला आहे. मुंबई हाकेच्या अंतरावर असल्यामुळें आतां बेणणीस माणूस मिळणें कठीण झालें, व मिळाल्यास त्याची मजुरी भाताच्या भावांत बसत नाहीं. अशा स्थितींत शेतकरी तणनाशकाच्या पंपाकडे वळला, यांत नवल नाहीं, व त्यास नांवें ठेवण्यांतही अर्थ नाहीं. मात्र उपसा बेताबाहेर झाला म्हणजे वाडीची विहीर मचूळ होते, तसाच प्रकार या औषधांचा आहे. एकच औषध वर्षानुवर्षें वापरलें म्हणजे त्याचा गुण संपतो, आणि संपलेला गुण पैसे मोजून परत मिळत नाहीं.

प्रतिकारशक्ति कशी उत्पन्न होते

पुष्कळांची अशी समजूत असते कीं औषध पिऊन पिऊन तण निर्ढावतें. वस्तुस्थिति निराळी आहे. खाचरांत एकाच जातीच्या तणाचीं असंख्य रोपें उगवतात, व त्यांत जन्मतःच त्या औषधास दाद न देणारें एखादें रोप असूं शकतें. फवारणी केली म्हणजे बाकीचीं मरतात आणि तें एकटें उरतें. त्यास मोकळी जागा, ऊन व पिकाचें खत मिळतें, व त्याचें बीं शेतांतच झडतें. पुढील वर्षीं पुन्हां तेंच औषध मारलें कीं त्याची संतति वाढते. पहिल्या कांहीं वर्षांत हीं थोडीं रोपें कोणाच्या लक्षांत येत नाहींत. फवारा नीट बसला नाहीं असें वाटून शेतकरी तिकडे दुर्लक्ष करितो. लक्षांत येतें तेव्हां शेत भरलेलें असतें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. वाडींत ग्लायफोसेट वारंवार मारलें असतां इतर गवत जातें व केना मात्र माजतो. केन्याच्या अंगीं त्या औषधाविषयीं मूळचीच सहनशीलता आहे. ही नव्यानें आलेली प्रतिकारशक्ति नव्हे. लव्हाळ्याच्या गांठी जमिनींत खोल असतात, म्हणून तोही फिरून फुटतो. परंतु जें तण पूर्वीं त्याच औषधानें, त्याच मात्रेनें मरत असे, तें आतां मरत नाहीं असें दिसलें, तर तो खरा धोका समजावा.

इतरत्र आलेला अनुभव

हा धोका नवा नाहीं. १९५७ सालीं हवाई बेटांतील उसांत केन्याच्याच कुळांतील एक तण २,४-डी या औषधास दाद देईनासें झाल्याचें नमूद झालें. ग्लायफोसेट १९७४ सालीं बाजारांत आलें. त्यास कोणतेंही तण कधीं जुमानणार नाहीं असें घडणार नाहीं, अशी अनेकांची खात्री होती. १९९६ सालीं ऑस्ट्रेलियांतील रायगवतानें ती खोटी ठरविली.

आपल्या देशांतील सर्वांत बोलका दाखला हरियाणाचा आहे. तेथें भातामागून गहूं हाच क्रम वर्षानुवर्षें चालतो. गव्हांत मंडूसी अथवा गुल्ली-डंडा नांवाचें तण येतें. त्याचें कोवळें रोप गव्हासारखेंच दिसतें, म्हणून तें हातानें वेंचणें अवघड. आयसोप्रोट्युरॉन हें स्वस्त व गुणकारी औषध हातीं आलें व दहा-पंधरा वर्षें शेतकऱ्यांनीं त्या एकाचाच आश्रय केला. कित्येकांनीं मात्रा कमी दिली, कित्येकांनीं फवारण्याऐवजीं तें रेतींत किंवा युरियांत मिसळून फोकलें. १९९२-९३ च्या सुमारास औषध चालेनासें झालें. तण इतकें माजलें कीं कांहीं ठिकाणीं उभा गहूं हिरवाच कापून गुरांस घालावा लागला. पुढें १९९७-९८ च्या सुमारास दुसरीं औषधें शेतकऱ्यांस मिळालीं. परंतु कालांतरानें त्यांपैकीं कांहींचाही गुण उतरूं लागला. यांतील बोध असा कीं ज्यांनीं गव्हाच्या जागीं मधूनमधून ऊस, सूर्यफूल किंवा बरसीम घेतलें, त्यांच्या शेतांत हा उपद्रव कमी राहिला.

हें गव्हाचें झालें, भातास त्याची भीति नाहीं, असें कोणी म्हणूं नये. अमेरिकेंतील आर्कान्सा संस्थानांत आपल्या पाखडाच्या कुळांतील तण १९९० च्या सुमारास प्रोपॅनिल या औषधास जुमानेनासें झालें. आपल्याकडे छत्तीसगड व केरळ येथील भातशेतांतील लव्हाळ्याच्या वर्गांतील एक तण बिसपायरीबॅक-सोडियम या औषधानें मरत नसल्याचें २०२१ सालीं संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. तेंच औषध आज कोंकणांतही भाताच्या खाचरांत मारलें जातें, हें विसरूं नये.

नांगरणी, चिखलणी व लावणी यांस फांटा देऊन गादीवाफ्यांवर भात पेरण्याची ‘सगुणा’ पद्धति नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं प्रचारांत आणली आहे. तिनें मजुरी वांचते व जमिनीचा पोत सुधारतो, हे तिचे गुण मोठे आहेत. परंतु चिखलणी व लावणी हीं स्वतःच तण दाबण्याचीं साधनें आहेत. तीं सोडलीं म्हणजे तणाचा बहुतेक भार औषधावर पडतो. म्हणून ही पद्धति स्वीकारणाऱ्यानें पुढील सूचना अधिकच कसोशीनें पाळाव्या.

उपाय

(१) बीं शुद्ध असावें. दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत भाताचें बीं ओतावें. पोंचट दाणे व हलकें तणाचें बीं वर तरंगतें, तें काढून टाकावें. तळाचें बीं स्वच्छ पाण्यानें दोन-तीन वेळां धुऊन सावलींत सुकवावें. मिठागरांच्या या मुलुखांत याहून स्वस्त उपाय नाहीं.

(२) रोपवाटिका निवडून घ्यावी. आपल्या वाडवडिलांनीं राब भाजण्याची चाल घातली, तींत वरच्या थरांतील तणाचें बीं जळून जातें हा एक मोठा लाभ होता. राब न भाजल्यास वळवाच्या पावसानें उगवलेलें तण एकदां मोडून मग बीं पेरावें. पाखडाचें रोप भातासारखें दिसतें व मुठीबरोबर खाचरांत जाऊन लागतें. ओळखण्याची खूण सोपी आहे: पान व देठाचें वेष्टण जेथें मिळतें तेथें भातास जिभेसारखा पातळ पडदा असतो, पाखडास तो नसतो.

(३) पाण्याचा उपयोग करावा. खाचर सपाट करून चांगली चिखलणी करावी व लावणीनंतर रोप जीव धरतांच दोन-तीन अंगुळें पाणी राखावें. पाण्याखालीं पाखडाचें बीं फारसें उगवत नाहीं. उंचवट्यावर पाणी ठरत नाहीं व तेथूनच तणाचा प्रसार होतो.

(४) औषधाचें नांव नव्हे, गट बदलावा. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. बिसपायरीबॅक, पायराझोसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन, पेनॉक्ससुलाम यांचीं नांवें व डबे निराळे असले तरी तीं सर्व तणाच्या एकाच मर्मावर घाव घालतात. एकाऐवजीं दुसरें घेतल्यानें कांहींच पालट होत नाहीं. प्रेटिलाक्लोर व ब्युटाक्लोर यांचा गट निराळा, ऑक्झाडायर्जिलचा निराळा, २,४-डी चा निराळा. कोणत्या वर्षीं कोणत्या खाचरांत कोणतें औषध मारलें याची नोंद वहींत ठेवावी व एकच गट लागोपाठ वापरूं नये. मात्र २,४-डी ची वाफ व तुषार वाऱ्यानें पानवेल, वांगीं, वाल व फुलझाडें यांवर गेल्यास मोठी हानि होते. वाडीलगतच्या खाचरांत तें टाळावें.

(५) मात्रा पुरी, वेळ योग्य. वेष्टनावर लिहिलेल्यापेक्षां कमी मात्रा ही काटकसर नव्हे. अर्धमेलें तण जगून बीं धरतें. तण दोन ते चार पानांचें असतां मारावयाचें औषध तें फुटव्यावर आल्यावर मारणें व्यर्थ आहे.

(६) उरलेलें तण बियांवर येऊं देऊं नये. फवारणीनंतर दोन-तीन आठवड्यांनीं शेतांतून एक फेरी मारावी. जीं थोडीं रोपें उरलीं असतील तींच पुढील संकटाचीं मूळ होत. तीं निसवण्यापूर्वीं उपटून बांधाबाहेर नेऊन नष्ट करावीं. ओळींत लावणी केली असल्यास कोळपें चालवितां येतें व हें काम निम्म्यानें हलकें होतें.

(७) पिकाचा पालट करावा. भात निघाल्यावर ओलीवर वाल, हरभरा किंवा भाजीपाला घ्यावा. त्याच्या मशागतींत तणाचा मोड होतो.

संशय कसा पारखावा

फवारणीनंतर एकाच जातीचें तण उरलें व बाकीच्या जाती मेल्या. किंवा त्याच जातीचीं मेलेलीं व टवटवीत रोपें शेजारीं शेजारीं दिसलीं. किंवा असा ठिपका दरवर्षीं त्याच जागीं मोठा होत गेला, तर संशय घ्यावा. पंप चुकल्यास तण पट्ट्यापट्ट्यांनीं व सर्व जातींचें उरतें, ही उलट खूण आहे. संशय आल्यास औषधाची मात्रा वाढवीत बसूं नये. उरलेल्या रोपांचें थोडें पक्व बीं कागदी पुडींत घेऊन, तारीख, ठिकाण व वापरलेल्या औषधांची नोंद जोडून, कोसबाडचें कृषि विज्ञान केंद्र किंवा कर्जतचें कृषि संशोधन केंद्र यांस दाखवावें. तणांविषयीं अखिल भारतीय संशोधन करणारी संस्था जबलपूर येथें आहे.

शेवटीं एक गोष्ट सर्वांनीं मिळून करण्यासारखी आहे. आपल्याकडे पावसाळ्यांत पाणी एका खाचरांतून दुसऱ्यांत उतरत उतरत खाडीस मिळतें, व तणाचें बीं त्याबरोबर प्रवास करितें. वरच्या खाचराच्या धन्यानें आळस केला तर खालच्याच्या दक्षतेचा उपयोग होत नाहीं. म्हणून एका पाटावरील शेतकऱ्यांनीं लावणीपूर्वीं एकत्र बसून त्या वर्षीं कोणत्या गटाचें औषध वापरावयाचें तें ठरवावें, व भात निसवण्यापूर्वीं एक दिवस नेमून सर्वांनीं आपापल्या खाचरांतील व पाटाकांठचें उरलेलें तण उपटून काढावें. त्यास एक दिवसाचा खर्च येईल. परंतु जें औषध आज बेणणीची मजुरी वांचवितें, तें पुढील पिढीसही उपयोगीं पडेल.