बियाणं पारखता, तशी शाळाही पारखा



मृग निघतो 7 जूनच्या आसपास आणि शाळा उघडते जूनच्या मध्याला. खत-बियाणाचा पैसा अन् शाळेची फी एकाच पंधरवड्यात दारात उभी राहते.

गेल्या खरिपात जिंतूर तालुक्यात सोयाबीनच्या बैठकीला गेलो होतो. एक शेतकरी म्हणाला, "साहेब, पोराला इंग्रजी शाळेत घातलं. पहिला हप्ता भरला अन् खताला पैसा उरला नाही." शेजाऱ्याची पोरं गाडीत बसून जातात म्हणून यांनीही घातलं. शाळा आत जाऊन बघितली का, विचारलं. "फाटकापर्यंत गेलतो," म्हणाला.

घरचं सोयाबीन पेरण्याआधी आपण 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. 70 उगवले, तरच नेहमीच्या प्रमाणात पेरतो. शाळेचीही उगवण तपासता येते. गुरुजींना विचारून तिसरीतल्या पाच-सहा मुलांना एक उतारा वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी घाला. इंग्रजी शाळा असेल तर वाचलेल्या वाक्याचा अर्थ मराठीत विचारा. धडाधड वाचलं पण अर्थ सांगता येईना, तर ती पोपटपंची समजा.

हीच परीक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेचीही घ्या. तिथं फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारचा आहार मिळतो, हे खरं. पण पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे, त्यात एक गुरुजी बैठकीला गेले की काय होतं ते आपण जाणताच.

तरी माझं मत असं, की गावची शाळा परीक्षेत उतरली तर फी आणि गाडीभाड्याचा पैसा जमिनीत घाला. नाही उतरली, तर शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन बसा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने या समितीत 75 टक्के पालक असतात, निम्म्या महिला. सोसायटीच्या निवडणुकीला जीपगाड्या फिरतात, या समितीच्या बैठकीला मात्र सह्या घरपोच गोळा होतात!

खाजगी शाळाच हवी असेल, तर त्याच कायद्यात विनाअनुदानित शाळांच्या 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांना आहेत, आठवीपर्यंत फी लागत नाही. 2024 मध्ये सरकारने यातून बऱ्याच शाळांना सूट दिली होती, ती उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. अर्ज ऑनलाइन असतो, नंबर सोडतीने लागतो. गाडीभाडं कोण भरणार, ते आधी विचारून घ्या. उत्पन्नाचा, जातीचा दाखला आताच काढून ठेवा. आणि तलाठी भाऊसाहेबांना विनंती, उत्पन्नाच्या अहवालासाठी या लोकांना हेलपाटे घालायला लावू नका.